पंच म्हणून कोण येतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून थोडं चाललं, की नाना चौक लागतो. तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं, की गिरगाव चौपाटी आणि चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा. गणपती विसर्जनाच्या दिवशी लाखो माणसं या वाटेनं जातात. चौकाला ज्यांचं नाव आहे ते नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. त्यांचं नाव आपण शाळा, रेल्वे आणि टाउन हॉल यांच्याशी जोडतो. लोकमान्यांचं नाव केसरी, मंडाले आणि गणेशोत्सव यांच्याशी. पण या दोघांना बांधणारा आणखी एक धागा आहे. त्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. तो धागा म्हणजे ज्युरी. नानांनी हिंदी माणसाला ज्युरीच्या खुर्चीवर बसता यावं म्हणून खटपट केली आणि टिळकांना ज्युरीनंच दोषी ठरवलं. आज त्या खुर्चीविषयी बोलायचं आहे.

ज्युरी म्हटलं, की आपल्याला न्यायाधीशाच्या बाजूला बसलेली, आरोपी दोषी की निर्दोष ते सांगणारी माणसं आठवतात. ही झाली छोटी ज्युरी. तिच्या आधी एक मोठी ज्युरी असे, ग्रँड ज्युरी. तीत २३पर्यंत माणसं असत. आरोपीवर खटला चालवण्याजोगा पुरावा आहे का, एवढंच ती पाहत असे. निदान १२ जणांचं एकमत झालं तर आरोपपत्रावर ‘खरं’ असा शेरा पडे आणि खटला उभा राही. नाही पडला, तर आरोपी तिथूनच घरी जाई. सरकारनं एखाद्यावर खार खाऊन खटला भरला, तर त्याला वाटेत अडवणारी ही नागरिकांची चौकी होती.

ग्रँड ज्युरीला आणखी एक काम होतं आणि आजच्या विषयाच्या दृष्टीनं ते अधिक महत्त्वाचं. हाती आलेली प्रकरणं संपली, की ज्युरी शहरातल्या सार्वजनिक गोष्टींविषयी न्यायाधीशांपुढे आपलं म्हणणं मांडू शके. तुरुंगाची अवस्था कशी आहे, रस्ते, गटारं, लोकांना होणारे उपद्रव, अधिकाऱ्यांची हयगय, हे सगळं त्यात येई. ज्युरीला शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. पण शहरातली जबाबदार माणसं भर कोर्टात अमुक एक गोष्ट बिघडली आहे असं सांगत, तेव्हा ती कानाआड करणं सरकारला सोपं नसे. नगरपालिका अजून जन्माला आली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मुंबईत ‘सुप्रीम कोर्ट’ सुरू झालं १८२४ साली. आजच्या दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाशी त्याचा संबंध नाही. हे राजाच्या सनदेनं स्थापन झालेलं मुंबई शहराचं न्यायालय. ते भरत असे कोटातल्या अपोलो स्ट्रीटवर, पुढे जिला ग्रेट वेस्टर्न हॉटेलची इमारत म्हणू लागले तिथे. त्या कोर्टात विलायती पद्धतीनं ज्युरी बसे, पण ज्युरीत बसणारे सगळे युरोपियन. शहरात वस्ती हिंदू, मुसलमान, पारशी यांची, आरोपी बहुतेक त्यांच्यातले, फिर्यादी आणि साक्षीदारही त्यांच्यातले. आणि निकाल देणारे मात्र ज्यांना त्यांची भाषा कळत नाही असे गोरे व्यापारी.

१८२६ साली विलायतेच्या पार्लमेंटनं एक कायदा केला. वरवर पाहता तो उदार होता, कारण त्यानं हिंदी लोकांना ज्युरीत बसण्याची मुभा दिली. पण त्यात दोन खोचा होत्या. ख्रिस्ती नसलेल्या माणसाला ग्रँड ज्युरीत बसता येणार नव्हतं आणि आरोपी ख्रिस्ती असेल तर छोट्या ज्युरीतही त्याला जागा नव्हती. म्हणजे ख्रिस्ती माणूस हिंदूचा आणि मुसलमानाचा निवाडा करू शके, पण हिंदू किंवा मुसलमान ख्रिस्ती माणसाचा करू शकत नसे. कलकत्त्यात राजा राममोहन रॉय यांनी याविरुद्ध आवाज उठवला. १८२८ साली त्यांनी या अन्यायाबद्दल पत्र लिहिलं आणि तिथल्या हिंदू-मुसलमानांचे अर्ज विलायतेला गेले. एका साध्या खुर्चीसाठी एवढा खटाटोप का, असा प्रश्न पडेल. पण त्या खुर्चीवरून एक गोष्ट ठरत होती. या देशातला माणूस निवाड्याला पात्र आहे की नाही, ही ती गोष्ट.

आपल्याकडे तर या अपमानाला वेगळी धार होती. मराठी मुलखात निवाडा करणारे पंच ही कालपरवाची गोष्ट होती. पेशवाईत जमिनीचे, वतनाचे, देण्याघेण्याचे तंटे पंचायतीपुढे जात. दोन्ही पक्ष पंचांचा निर्णय मान्य करू असं आधीच लिहून देत. त्या कागदाला म्हणत राजीनामा, म्हणजे राजी असल्याचा कागद. आज मंत्री देतात तो राजीनामा वेगळा. शब्द तोच, अर्थ पार उलटा झाला. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचे दोष सांगितले, पण तरीही ती चालू ठेवावी असं मत दिलं. दोष कोणते? पंच जमवणं कठीण, ते वेळेवर येत नाहीत, काम रेंगाळतं. हे दोष लक्षात ठेवा, कारण त्यांची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

तर या पार्श्वभूमीवर जगन्नाथ शंकरशेट. जन्म १८०३चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. वडील १८२२ साली वारले आणि विशीच्या आतच मोठी पेढी अंगावर पडली. या तरुणाला इंग्रजी उत्तम येई आणि गोऱ्या अधिकाऱ्यांशी त्याचं बरोबरीचं जाणं-येणं होतं. नानांचे चरित्रकार सांगतात, की ग्रँड ज्युरीत हिंदी माणसांना जागा मिळावी यासाठी त्यांनी मुंबईत बरीच खटपट केली. कायदा बदलला तेव्हा नाना होते २९ वर्षांचे.

तो बदल झाला १८३२ साली. विलायतेत हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाचे अध्यक्ष होते चार्ल्स ग्रँट. ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांचा विरोध असूनही त्यांनी नवा कायदा मंजूर करून घेतला. त्या कायद्यानं दोन्ही खोचा काढून टाकल्या. ग्रँड ज्युरी एतद्देशीयांना खुली झाली. ख्रिस्ती आरोपीच्या खटल्यातही त्यांना बसता येऊ लागलं. आणि ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे जे.पी. हे पदही त्यांना मिळू लागलं. या चार्ल्स ग्रँटचा धाकटा भाऊ रॉबर्ट ग्रँट. तो १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. ग्रँट रोडला नाव आहे ते या रॉबर्टचं. म्हणजे ज्यानं कायदा केला त्याच्या भावाचं नाव रस्त्याला आणि ज्यानं त्या कायद्याचं चीज केलं त्याचं नाव चौकाला. दोन्ही एकमेकांना लागून. रोज तिथून टॅक्सी पकडणाऱ्यांना याचा पत्ता नसतो, एवढंच.

कायद्यानंतर दोन-तीन वर्षांतच मुंबईत पहिले हिंदी जे.पी. नेमले गेले. त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते, जमशेटजी जीजीभाई होते, फ्रामजी कावसजी, ढाकजी दादाजी, महंमद अली रोगे होते. हिंदू, पारशी, मुसलमान असे सगळे. ही मंडळी आपला पेढीचा, गोदीचा, जहाजाचा व्याप सांभाळून बिनपगारी काम करायला तयार झाली.

हे सांगताना एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. ही खुर्ची मिळाली ती शेटजींना. चाळीतल्या कारकुनाला, कोळीवाड्यातल्या कोळ्याला, कामाठीपुऱ्यातल्या गवंड्याला ती मिळाली नव्हती. स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. मालमत्ता आणि इंग्रजी, या दोन दारांतून जो जाईल तोच आत. पण दार एकदा किलकिलं झालं, की ते पुढे आणखी उघडता येतं. मुंबई महापालिकेचा इतिहास पाहिला तर हेच दिसतं.

जे.पी. हे सुरुवातीला शांतता राखणारे, किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा करणारे. हळूहळू शहराची देखभाल त्यांच्याकडे आली. १८४५ साली शहराच्या स्वच्छतेसाठी एक मंडळ नेमलं, त्यात सरकारी अधिकाऱ्यांच्या जोडीला दोन युरोपियन आणि तीन हिंदी जे.पी. घेतले. १८६५च्या कायद्यानं तर सगळे जे.पी. मिळून शहराचं नगरमंडळ झालं आणि आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर झाले. क्रॉफर्ड कर्तबगार गृहस्थ. मंडई बांधली, रस्ते रुंद केले आणि तिजोरी रिकामी केली. त्यांना जाब विचारणार कोण? जे.पीं.ची नेमणूक सरकारची. त्यांच्यातल्या पुष्कळांना बैठकीला यायलाही सवड नसे. १८७१ साली करदाते खवळले. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे लोक पुढे आले. तरुण फिरोजशहा मेहतांनी क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली, पण रोगावरचं औषध मात्र अचूक सांगितलं: लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी हवेत. १८७२ साली ६४ जणांची महापालिका आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. ग्रँड ज्युरीचं शहरावर नजर ठेवण्याचं काम अशा रीतीनं नगरसेवकाकडे आलं.

आणि ग्रँड ज्युरी? ती तोवर गेली होती. १८६२ साली सुप्रीम कोर्टाच्या जागी हायकोर्ट आलं आणि १८६५च्या एका कायद्यानं तीन इलाखा-शहरांतली ग्रँड ज्युरी रद्द झाली. मॅजिस्ट्रेट आधीच पुरावा तपासून आरोपीला वर पाठवतो, मग हा दुसरा फेरा कशाला, असा विचार त्यामागे होता. कायद्याच्या दृष्टीनं तो चुकीचाही नव्हता. पण खटले छाननाऱ्या ज्युरीबरोबर तुरुंग आणि गटारं तपासणारी ज्युरीही गेली आणि तिच्यासाठी कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी ३१ जुलैला नाना शंकरशेट वारले. जी खुर्ची मिळवण्यासाठी तरुणपणी धडपड केली, ती आणि ते एकाच साली गेले.

छोटी ज्युरी मात्र राहिली. हायकोर्टात ती ९ जणांची असे. याच ज्युरीपुढे लोकमान्य टिळक दोनदा उभे राहिले. सप्टेंबर १८९७मध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे राजद्रोहाचा पहिला खटला चालला. ज्युरीत ६ युरोपियन, ३ हिंदी. निकाल ६ विरुद्ध ३, दोषी. शिक्षा १८ महिने सक्तमजुरी. ११ वर्षांनी, जुलै १९०८मध्ये दुसरा खटला. या वेळी न्यायमूर्ती दिनशा दावर. सरकारनं खास ज्युरी मागितली. टिळकांच्या बाजूनं हरकत घेतली गेली, की खास ज्युरीच्या यादीत भरणा युरोपियनांचा आहे आणि खटला तर मराठी लेखांवर आहे. हरकत फेटाळली गेली. ७ युरोपियन आणि २ पारशी अशी ज्युरी बसली. मराठी शब्दांचे अर्थ, त्यांची छटा, त्यांचा रोख, या साऱ्याचा निवाडा भाषांतरावरून व्हायचा होता. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, सुमारे २१ तास. भाषांतर कुठे चुकलं, कोणत्या शब्दाला मराठीत काय वजन आहे, हे ते या ९ जणांना शिकवत राहिले. २२ जुलैच्या रात्री निकाल आला: ७ विरुद्ध २. सहा वर्षं काळं पाणी. मुंबईच्या गिरणीकामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवलं.

निकालानंतर टिळकांनी जे सांगितलं, ते आज हायकोर्टाच्या त्याच दालनाबाहेर संगमरवरी पाटीवर कोरलेलं आहे. १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांनी ती पाटी बसवली. ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, असा त्याचा आशय. ही पाटी वाचताना मला नेहमी वाटतं, की टिळकांचा वाद ज्युरी या कल्पनेशी नव्हता. खुर्च्या होत्या, पण त्यांवर कोण बसलं होतं, हा वाद होता. ज्यांना मराठी येत होतं, ज्यांनी केसरी वाचला होता, ते यादीच्या बाहेर होते.

यानंतरची ज्युरीची गोष्ट बहुतेकांना सिनेमातून ठाऊक आहे. एप्रिल १९५९मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयातल्या ज्युरीनं ऑक्टोबरमध्ये ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. १९६०मध्ये हायकोर्टानं नानावटींना दोषी ठरवलं आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. नानावटीमुळे भारतातली ज्युरी गेली, असं सर्रास सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. विधी आयोगानं १९५८ सालीच, म्हणजे त्या गोळ्या सुटण्याच्या आधी, ज्युरी रद्द करावी अशी शिफारस केली होती. देशात काही ठिकाणी नानावटीनंतरही ज्युरीपुढे खटले चालले. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही आणि विषय संपला.

तसा तो पुरता संपलेला नाही. आपल्याच शहरात एक कोपरा शिल्लक आहे. पारशी समाजाच्या घटस्फोटाच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींबरोबर समाजातले प्रतिनिधी बसतात. त्यांना डेलिगेट म्हणतात. १९३६च्या कायद्यानं ते ७ होते, १९८८च्या दुरुस्तीपासून ५ आहेत. वकील, व्यापारी, गृहिणी, निवृत्त मंडळी आपला दिवस काढून येतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि मत देतात.

बाकी आपल्यासाठी काय उरलं? जे.पी.चं पाहा. नानांच्या काळातला जे.पी. शहर चालवत होता. स्वातंत्र्यानंतर त्या पदाची जागा विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यानं, मग विशेष कार्यकारी अधिकाऱ्यानं घेतली. माझ्या पिढीच्या चाळकऱ्यांना ‘एसईएम’ म्हणजे काय ते नीट ठाऊक आहे. दाखल्याची झेरॉक्स घेऊन ज्याच्या दारात उभं राहायचं, त्यानं जेवण आटोपून, हात पुसत येऊन शिक्का मारायचा, तो एसईएम. फ्रामजी कावसजींचा वारसा असा रबरी शिक्क्यापर्यंत आला.

तुरुंगाचं पाहा. ग्रँड ज्युरी तुरुंग पाहायची. आजही कायद्यानं तुरुंगावर अशासकीय अभ्यागत नेमता येतात.  साध्या नागरिकानं आत जाऊन कैद्यांचं जेवण, पाणी, औषधपाणी पाहावं, तक्रार ऐकावी आणि वहीत शेरा लिहावा. आर्थर रोड तुरुंगावरून आपण आयुष्यभर बसनं जातो. या पदासाठी आपलं नाव सुचवावं, असं आपल्यापैकी किती जणांच्या मनात आलं असेल?

आणि तिसरा, सगळ्यांत जवळचा: पंच. गुन्हा घडला, की पोलीस पंचनामा करतात. झडतीच्या वेळी त्या वस्तीतले निदान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, असं जुन्या संहितेच्या १००व्या कलमात होतं. १ जुलै २०२४पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ते आहे. शिवाय झडतीचं चित्रीकरण करणंही आता बंधनकारक झालं आहे. सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं हा गुन्हा आहे. पेशवाईतला पंच हा शब्द इतक्या उलथापालथीतून टिकून राहिला, तो असा पंचनाम्यात.

नव्वदच्या दशकात मी एकदा पंच झालो होतो. आमच्या शेजारच्या वाडीत एक दुकान फोडलं होतं. सकाळी हवालदार जिना चढून वर आले आणि गॅलरीत उभं राहून म्हणाले, ‘दोन माणसं हवीत, पंच म्हणून कोण येतं?’ एरवी दारं सताड उघडी ठेवणारी आमची चाळ. बघता बघता तीन-चार दारं ओढली गेली. एका घरातून आवाज आला, ‘हे आंघोळीला गेलेत.’ शेवटी तळमजल्यावरचे एक काका आणि मी असे दोघं गेलो. अर्धा-पाऊण तास लागला. तुटलेलं कुलूप, उचकटलेली फळी, सांडलेली चिल्लर, हे सगळं हवालदारांनी लिहिलं, आम्हाला वाचून दाखवलं आणि आम्ही सही केली. तीन वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. दोन तारखा नुसत्याच गेल्या, तिसऱ्या तारखेला पिंजऱ्यात उभा राहिलो. आरोपीच्या वकिलानं विचारलं, कुलूप पितळेचं होतं की लोखंडाचं? मी म्हणालो, पितळेचं, आणि त्यावर कंपनीचं नाव घासून गेलेलं होतं. मला ते आठवत होतं, कारण मी तिथे खरोखर उभा होतो आणि नीट पाहिलं होतं. पंचाचं काम एवढंच असतं. त्याला कायदा यावा लागत नाही.

आता ज्या घरांची दारं ओढली गेली, त्यांना मी नावं ठेवत नाही. नोकरीतली रजा, तारखांचे हेलपाटे, गुंडाचं भय, हे सगळं खरं असतं. एल्फिन्स्टननं १८१९ साली पंचायतीचे जे दोष लिहिले होते, ते हेच: माणसं जमत नाहीत आणि काम रेंगाळतं. पण दार ओढलं म्हणून खुर्ची रिकामी राहत नाही. पंचनामा तर व्हायलाच हवा. मग पोलिसांच्या ओळखीतला कुणी पानवाला, कुणी रिकामटेकडा पुन्हा पुन्हा पंच होतो. कोर्टात त्याला ‘सराईत पंच’ म्हणतात आणि त्याच्या साक्षीची किंमत तिथेच कमी होते. किंवा तो उलटतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, ‘पंच फितूर’. खटला कोसळतो, आपण न्यायव्यवस्थेला बोल लावतो. १९०८ साली मराठी जाणणारी माणसं यादीबाहेर ठेवली गेली होती. आज आपण आपल्या पायांनी यादीबाहेर जातो.

जगात दुसरीकडे काय चालतं? ज्या इंग्लंडनं ग्रँड ज्युरी आपल्याकडे आणली, त्यानं स्वतः ती १९३३ साली बंद केली. अमेरिकेनं ती ठेवली आणि कॅलिफोर्निया राज्यानं तर तिचं ते दुसरं काम, शहराची तपासणी करण्याचं, जोमानं वाढवलं. तिथे ५८ जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी नागरिकांची ग्रँड ज्युरी बसते, बहुतेक ठिकाणी १९ जणांची, लॉस एंजेलिसला २३ जणांची. १ जुलैपासून पुढच्या ३० जूनपर्यंत तिचं वर्ष. इथे माणसं आपण होऊन अर्ज करतात, न्यायाधीश मुलाखती घेतात, मग चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. ही ज्युरी जिल्ह्यातला तुरुंग पाहते, पाणीपुरवठा, शाळा, अग्निशमन, निवडणूक कार्यालय, नगरपालिकेचे हिशेब यांतलं जे योग्य वाटेल ते तपासते, अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारते आणि वर्षाच्या शेवटी अहवाल छापते. त्या अहवालाला संबंधित नगरपालिकेनं ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. शिफारस मान्य आहे की नाही, नसेल तर का नाही, असं मुद्देसूद.

माझा एक मावसभाऊ, गिरगावातच वाढलेला, निवृत्तीनंतर सॅन होजेला असतो. तिकडचा नागरिक झाला आहे. त्याच्याशी फोनवर या विषयावर बोलताना त्यानं एक गोष्ट सांगितली. अर्ज करणारे बहुतेक निवृत्त लोक असतात. तरुण, नोकरदार, पोटापाण्याच्या मागे असलेले फारसे येत नाहीत, कारण वर्षभर आठवड्यातले एक-दोन दिवस द्यायचे आणि हातात पडतो तो नाममात्र भत्ता. म्हणजे तिथेही खुर्चीवर कोण बसतं हा प्रश्न सुटलेला नाही. पण ती खुर्ची आहे, तिला कायद्याचं पाठबळ आहे आणि तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, हा फरक मोठा आहे.

आपल्याकडे अशी एखादी व्यवस्था हवी का? मला वाटतं, हवी. नगरसेवक असतात, मान्य आहे. पण मार्च २०२२मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती होतं, हे आपण पाहिलं आहे. त्या काळात प्रश्न विचारणारं सभागृहच नव्हतं. आणि सभागृह असतं तेव्हाही, नगरसेवकांचं काम कोण तपासणार हा प्रश्न उरतोच. २००५च्या माहिती अधिकार कायद्यानं एकेकट्या माणसाला कागद मागण्याचा हक्क दिला. तो मोलाचा आहे. पण एकटा माणूस अर्ज करतो तेव्हा तो तक्रारदार ठरतो, कधी उपद्रवी ठरतो, कधी त्याच्या जिवावरही बेततं. १९ माणसं एकत्र, न्यायालयानं नेमलेली, चिठ्ठीनं निघालेली, प्रश्न विचारतात तेव्हा ते शहराचे प्रश्न होतात. एका वॉर्डात, एका वर्षासाठी, गटारसफाईच्या हिशेबापुरता का होईना, हा प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे? गिरगावच्या ‘डी’ वॉर्डात तो झाला, तर नानांच्या चौकालाही बरं वाटेल.

पण अशा व्यवस्थेची वाट पाहत बसायचीही गरज नाही. पंच आहे, तुरुंगाचा अभ्यागत आहे. या खुर्च्या आजही कायद्यात आहेत. त्यांना मान नाही, मानधन नाही, पेपरात फोटो येत नाही. नानांच्या वेळी ग्रँड ज्युरीच्या खुर्चीला प्रतिष्ठा होती, कारण ती मिळत नव्हती. आपल्याला या खुर्च्या सहज मिळतात म्हणून त्या हलक्या वाटतात. खरं तर दोन्हींचं काम एकच: सरकारचा माणूस जे करतो आहे ते सरकारबाहेरच्या माणसानं आपल्या डोळ्यांनी पाहावं आणि विचारलं तर खरं सांगावं. त्यासाठी राममोहन रॉय यांनी पत्रं लिहिली, नानांनी सरकारदरबारी खेटे घातले आणि ती खुर्ची भलत्यांच्या हाती राहिल्याची किंमत टिळकांनी मंडालेत सहा वर्षं मोजली. तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि गॅलरीतून कुणी विचारलं, ‘पंच म्हणून कोण येतं?’, तर चपला पायात सरकवून खाली उतरावं. फार तर एक सकाळ जाईल.